जुईचं मीठ

तन्वीनं मिठाची बरणी ओट्यावरून उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि आत जिथवर मीठ होतं तिथं बाहेरून बॉलपेननं बारीक रेघ ओढली. मग बरणी पुन्हा हळदीच्या डब्याला टेकवून ठेवली, अगदी होती तशी. बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई, मालनबाई, सात महिन्यांच्या जुईला पायांवर घेऊन झोपवत होत्या. पाय हलले की त्यांच्या जोडव्यांचा फरशीवर आवाज होई.

"येते मी, आई. भात कुकरला लावलाय. जुईचा वेगळ्या वाटीत आहे."

"हौ. जा तू, बिनघोर जा."

या बिनघोरचाच तर तन्वीला घोर होता. ती जिना उतरली आणि नल्लकुंट्याला ती शिकवत असे त्या क्लासची वाट धरली.

तसं पाहिलं तर संशय आदल्या संध्याकाळचा. घरी आल्या आल्या तिनं जुईच्या कपाळाचा पापा घेतला आणि जीभ ओठांवरून फिरवली, तर खारट. नुसता घाम लागतो तसं नव्हे. खारे शेंगदाणे खाऊन झाल्यावर बोटं लागतात तसं. तिनं टोपडं काढून पाहिलं. कपाळाच्या कडेनं, जावळ सुरू होतं तिथं, पांढरी भुकटी धरली होती. एक वर्षाची होईपर्यंत मीठ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या देखत बजावलं होतं. त्यावर मालनबाईंनी दवाखान्यात मान डोलावली होती आणि घरी येताना ऑटोत म्हणाल्या होत्या, "अळणी अन्न दुश्मनाला वाढू नये गं. आमच्या हर्षदला मीठ घालूनच वरणाचं पाणी पाजलं. तो काय वाळला?"

हर्षद वाळला नव्हता हे खरंच होतं. हैदराबादच्या बिर्याणीनं आणि घरून काम करण्याच्या सोयीनं त्यानं चांगलंच बाळसं धरलं होतं. वाळत होती ती जुई. भुकेलेली म्हणाल तर अशी, की वाटी दिसली की हात पसरी. पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. शी तेलकट, तिला वास. मधूनच खोकल्याची उबळ. डॉक्टरीणबाई म्हणत, काही मुलं चणीनं लहानच असतात, दात येतायत, ऊन पडलंय. एवढ्यानं तन्वीचं भागत नव्हतं. काळजीला कुणीतरी आरोपी लागतो, आणि तो घरातच मिळाला तर शोधायला लांब जावं लागत नाही.

मालनबाई माणूस वाईट नव्हत्या. परभणीकडून लग्न होऊन हैदराबादला बरकतपुऱ्यात आल्या त्याला आता जन्म लोटला. यजमान प्रतापराव सिकंदराबादला रेल्वेत होते, ते गेल्यापासून त्या थोड्या अबोल झाल्या होत्या, इतकंच. भाजीवालीशी तेलुगू, दूधवाल्याशी दखनी हिंदी आणि देवाशी मराठी. सून पुण्याची, जीवशास्त्राची शिक्षिका, शब्द मोजून बोलणारी. पाच वर्षांत दोघींचं एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. भांडण झालं असतं तर मनातलं एकदा बाहेर पडून गेलं असतं.

संध्याकाळी येऊन तन्वीनं चपलाही नीट काढल्या नाहीत, आधी बरणी पाहिली. मीठ रेघेच्या चांगलं बोटभर खाली गेलं होतं. सापडली, असं वाटून तिला धक्काही बसला आणि बरंही वाटलं. मग ओट्यावर झाकून ठेवलेली आमटी दिसली, शेजारी कैरीचं ताजं लोणचं दिसलं, आणि आपण काय मूर्खपणा केला ते तिच्या ध्यानात आलं. मुलांना रोज प्रयोग कसा करावा ते शिकवणाऱ्या बाईला एवढं सुचू नये, की त्याच बरणीतून सगळ्या घराचं मीठ जातं! तिनं ओल्या फडक्यानं रेघ पुसून टाकली.

मग उरला कॅमेरा. तो हर्षदनं हौसेनं बसवला होता, तन्वीला क्लासमधून फोनवर लेक दिसावी म्हणून. बाहेरच्या खोलीतली जुईची गादी, खेळणी, पंखा, सगळं त्यात स्वच्छ दिसे. फक्त जेवणाची वेळ झाली की मालनबाई जुईला काखोटीला मारून स्वयंपाकघरात जात आणि फोनवर रिकामी गादी राही. मागून चमचा वाटीवर वाजल्याचा आवाज तेवढा येई.

"इथंच भरवत जा ना, आई. मला बघायला बरं."

"त्या डोळ्यापुढं नक्को. खाणाऱ्या लेकरावर कुणाची नजर पडू नये."

"माझीच नजर आहे ती."

"तुझीच गं. पण यंत्र ते, आणखी कोणकोण बघतंय काय सांगावं?"

दर शनिवारी मालनबाई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन जुईवरून उतरवत आणि गॅसच्या ज्योतीवर टाकत, तेव्हाही तन्वी दारात उभी राहून त्या मुठीकडे टक लावून पाही. मूठ जुईच्या तोंडाजवळून जाताना सैल तर पडत नाही ना? मालनबाईंना ती नजर कळत होती. त्या दुसरीकडे तोंड करत, आणि तन्वीला वाटे, बघा, चोराच्या मनात चांदणं.

त्या आठवड्यात क्लासमध्ये पेशीचा पडदा चालू होता. तन्वीचा हातखंडा विषय. फळ्यावर तिनं अपार्टमेंट काढलं, खाली जमिनीतला पाण्याचा हौद, म्हणजे संप, वर गच्चीवर टाकी. टाकीतलं पाणी नळाला आपोआप येतं, उताराची वाट, त्याला कुणाची मदत लागत नाही. पण संपातलं पाणी वर चढवायचं तर मोटर लावावी लागते आणि विजेचं बिल भरावं लागतं. पेशीचंही तसंच. जिथं मीठ आधीच जास्त आहे तिथं आणखी मीठ न्यायचं तर पेशी पदरची शक्ती खर्च करते. पडद्यात पंप असतात, दारं असतात, आणि काही दारं तर अशी की उघडण्यासाठीसुद्धा शक्ती मोजावी लागते. मुलं इंग्रजीतून लिहून घेत होती. लिहून घेणाऱ्या माना खाली गेल्या की तन्वी टेबलाखाली फोन धरून पाही. गादी, पंखा, खुळखुळा. आवाज बंद, तरी आतून चमचा वाजल्याचा भास.

"मॅडम, मोटर बंद पडली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर पेशी मरते," असं सांगून ती पुढच्या आकृतीकडे वळली.

रविवारी सकाळी मालनबाई गवार मोडत बसल्या होत्या. हर्षद सोफ्यावर लोळत फोन बघत होता. तन्वीनं जुईला अंघोळ घालून, टिपून, कोरडं करून घेतलं होतं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा कपाळाला ओठ लावून पाहिले. खारट! आता मात्र तिला राहवेना.

"आई, तुम्ही जुईला मीठ घालता का?"

मालनबाईंनी मान वर केली नाही. "मी? काहून घालू? डॉक्टरीणबाई नक्को म्हणली ना."

"मग हिचं कपाळ असं खारट का लागतं?"

"घाम असंल. ऊन काय कमी पडलंय?"

"घाम मलाही येतो."

"तन्वी, जाऊ दे ना," हर्षद फोनमधून म्हणाला.

तन्वीनं जाऊ दिलं नाही. ती जुईला घेऊन मालनबाईंच्या समोर फरशीवर बसली. तिला एक गोष्ट ठाऊक होती. मालनबाई शपथेला भीत. साधं "देवाशपथ" त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी खोटी शपथ घ्यायला लागलं की त्या उठून टीव्ही बंद करत. तन्वीचा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. दर नव्या तुकडीला ती पहिल्या दिवशी सांगायची, पुराव्याशिवाय काही मानू नका. पण समोरच्याचा विश्वास आहे एवढंच अशा वेळी पुरतं.

"हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

हर्षद उठून बसला. मालनबाईंनी हातातली शेंग ताटात ठेवली. हात पदराला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फोनकडे पाहत होता. जुई आजीच्या बांगड्यांकडे हात पसरून हसत होती.

"नाही घालत," मालनबाई म्हणाल्या. हात जावळाला टेकला न टेकला आणि पोळल्यासारखा मागे आला. तशाच उठून त्या आत देवापुढे जाऊन बसल्या. गवार तिथंच राहिली.

शपथ खोटी होती. तन्वीला ते उन्हाइतकं लख्ख दिसलं. पण खरं उत्तर तिला हवंच कुठं होतं? तिला कुलूप हवं होतं आणि ते लागलं. आता या बाईची मीठ घालायची हिंमत होणार नाही. तिला जिंकल्यासारखं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. लाज तिनं गवार मोडण्यात घालवली.

कुलूप पक्कं होतं. दुसऱ्या दिवसापासून मालनबाई वाटी घेऊन आधी तन्वीपुढे येत. "चाख." तन्वी चमच्याच्या टोकानं चाखी. भात अगदी अळणी, वरण त्याहून अळणी. क्लासला जायच्या आधी दुपारची वाटीही त्या चाखवून घेत आणि झाकून ठेवत. आता त्या कॅमेऱ्यासमोर बसून भरवू लागल्या होत्या. पाठ मात्र कॅमेऱ्याकडे करून. जुई दोन घास घेई आणि चमचा हातानं सारी. इतकी खादाड पोर, पण तिचं खाण्यावरून मनच उडालं होतं.

आणि कपाळ? कपाळ होतं तसंच खारट.

खरं म्हणजे इथं एखादा माणूस थांबला असता आणि म्हणाला असता, आपलं काहीतरी चुकतंय. पण संशयाला पुरावा मिळाला नाही की तो उपाशी मरत नाही, उलट जास्तच खा खा करतो. पाण्यातून देतात की काय? तन्वीनं जुईचं पाणी चाखलं. तेलातून? मालिशच्या तेलाचा थेंब तिनं जिभेवर ठेवला. टाळू भरतात तेव्हा? सासूबाईंना काही दिवस परभणीला त्यांच्या बहिणीकडे पाठवावं, हा विचार तिनं हर्षदच्या कानावर घातला. तो म्हणाला, "मे संपू दे. उन्हात कुठं पाठवतेस म्हातारीला?" म्हणजे नाही म्हणाला नाही. तन्वीनं ते बरोबर हेरलं.

शहर नुसतं भाजून निघत होतं. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. शपथेनंतरच्या दुसऱ्या सोमवारी तन्वीनं तास संपवून फोन पाहिला, तर मालनबाईंचे एकामागून एक फोन येऊन गेले होते. तासाला फोन मुका असतो हे त्यांना माहीत नव्हतं. घाईघाईनं तिनं कॅमेरा उघडला.

मालनबाई कॅमेऱ्याच्या अगदी समोर उभ्या होत्या. ज्या डोळ्यापासून त्यांनी नातीला इतके दिवस लपवलं, त्याच डोळ्यापुढे त्यांनी जुईला दोन्ही हातांनी उंच धरलं होतं आणि तोंडानं काहीतरी सारखं म्हणत होत्या. आवाज फाटत होता. "तन्वी, बघ गं. हिला बघ गं." जुईची मान एका बाजूला लोंबत होती.

मुलांचा मोठा दवाखाना घरापासून फार लांब नव्हता. हर्षद गच्चीबावलीला मीटिंगला गेला होता, त्याला यायला वेळ लागणार होता. तन्वी गेल्यापासून जुई सारखी ओकत होती, तन्वीनं फोनवर सांगितलं तसं मालनबाईंनी तिला ओला पंचा गुंडाळून ऑटोत आणलं, तन्वी दवाखान्याच्या दारातच त्यांना मिळाली. आतल्या लोकांनी जुईला हातातून घेतलं. डोळे खोल गेले होते. रडायचंही तिला सुचत नव्हतं. सुई टोचली तेव्हा ओठ वाकडे झाले, इतकंच. सलाईनची बाटली लागली. रक्त तपासायला गेलं. मालनबाई आत आल्याच नाहीत. बाहेर बाकाच्या टोकाला बसून राहिल्या. आपल्याला कुणी बोलावणार नाही हे गृहीत धरून बसतात तशा.

डॉक्टर समीना पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. रिपोर्ट आला तशी त्यांनी तन्वीला बाजूला घेतलं.

"मॅडम, बच्ची के खून में नमक बहुत गिर गया. सोडियम कम, पोटॅशियम भी कम."

"कम?" तन्वीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ज्यादा होगा, डॉक्टर."

"ज्यादा काय कू होंगा? कम है."

तन्वीच्या जिभेवर तक्रार तयार होती. दवाखान्यात येईपर्यंत तिनं ती मनात घोकली होती, माझ्या सासूबाई चोरून हिला मीठ देतात. आता ती तक्रार घेऊन जावं कुठं, तेच कळेना.

"एक बात बताओ," डॉक्टर समीना म्हणाल्या. "बच्ची को चूमे तो नमकीन लगती क्या?"

तन्वीनं मान डोलावली.

डॉक्टर समीना सावकाश सांगू लागल्या. घाम तयार होतो तेव्हा खाराच असतो. पण कातडीपर्यंत वर येता येता शरीर त्यातलं मीठ पुन्हा आत ओढून घेतं. पुढचं तन्वीला सांगावं लागलं नाही. ओढून घ्यायला पंप लागतो, त्याला शक्ती लागते, आणि मिठाला आत शिरायला दार लागतं. जुईचं दार उघडत नसणार. पंपानं कितीही जोर लावला तरी बंद दारापुढे त्याचं काय चालणार? मीठ कातडीवर राहतं, उन्हात वाहून जातं. त्याच दारानं आतड्याचं बिघडतं, फुप्फुसाचं बिघडतं, म्हणून ती तेलकट शी, म्हणून तो खोकला. आजाराचं नाव तिला पाठ होतं. आनुवंशिकतेच्या धड्यात यादीत असतं. शेकडो पोरांकडून तिनं ते एका गुणासाठी घोकून घेतलं होतं आणि वर सांगितलं होतं, आपल्याकडे सहसा दिसत नाही, नाव लक्षात ठेवा, पुढे चला.

"पक्का तो घाम की टेस्ट से होंगा. मगर मेरे कू शक वोइच है. संभाल सकते इसको, जिंदगीभर संभालना पडता, मगर संभाल सकते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मा-बाप दोनों से आता ये. किसी एक का कुसूर नहीं." मग त्या रिपोर्टकडे बघत राहिल्या. "एक चीज समझ में नहीं आ री मेरे कू. ये पूरा एप्रिल निकाल ली. इत्ती गर्मी में. फिर पिछले हफ्ते क्या बदला?"

"काही नाही," तन्वी मराठीतच बोलून गेली. आणि मग तिला तो रविवार आठवला.

बाहेर मालनबाई बाकावर होत्या. जुईचं ओलं टोपडं त्यांच्या मुठीत होतं. तन्वी शेजारी बसली तशा त्या थोड्या सरकल्या, आपला पदर तिला लागू नये इतपत.

"जुई आता बरी आहे," तन्वी म्हणाली. "हातपाय हलवतेय."

मालनबाईंनी हात जोडले. कुणाला ते त्यांनाच ठाऊक. मग एकदम बोलू लागल्या, समोरच्या भिंतीकडे बघत.

"मीच केलं गं. खोटी शपथ घेतली मी. घालत होते. उष्टावणापासून घालत होते. लेकरू तोंड वाकडं करायचं, मीठ घातलं की मिटक्या मारायचं, मला लई बरं वाटायचं. दुसरं काही नव्हतं मनात. आणि तू हात ठेवायला लावलास. ठेवला मी, भिऊन ठेवला." त्यांनी नाक पदराला पुसलं. "त्या दिवसापासून एक कण बी नाही घातला बघ. म्हणलं, घेतली ती खोटी झालीच, निदान इथून पुढं तरी खरी ठरावी. पण देव काय खुळा आहे? लेकराच्या डोक्यावरची शपथ. लेकरालाच बाधली."

तन्वी ऐकत होती. तिला रडायला येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. ही बाई काही जाणून करत नव्हती, निव्वळ चवीसाठी, हट्टासाठी, डॉक्टरांचं न ऐकता करत होती. आणि त्या चवीवर जुईनं सगळा एप्रिल काढला. ज्या दिवशी ती चव थांबली, तो दिवस तन्वीनं स्वतः, अंघोळ घातलेली लेक मांडीवर घेऊन, फरशीवर बसून ठरवला होता.

"आई, मीठ घातल्यानं नाही झालं. मीठ थांबल्यानं झालं. तिच्या अंगात मीठ टिकत नाही. तुम्ही देत होतात तेवढंच तिला मिळत होतं."

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत विश्वास नव्हता. समजूत घालणाऱ्याकडे माणूस बघतो तसं त्या बघत होत्या.

"शपथेनंच झालं गं," त्या हळूच म्हणाल्या.

"शपथेनंच झालं," तन्वी म्हणाली. "पण ती मी घातली होती."

मालनबाई टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिल्या.

"चला आत. डॉक्टरांना सांगायचंय."

"काय?"

"किती घालत होतात ते. त्यांना ठरवायला मदत होईल."

मालनबाई उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कमी करून सांगू का?"

"नाही. होतं तेवढंच सांगा."

डॉक्टर समीनांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि जास्त काही विचारलं नाही. नर्सला सांगून कँटीनमधून मिठाची पुडी मागवली, टेबलावर पांढरा कागद पसरला.

"अम्मा, एक बखत में जित्ता डालते थे, उत्ता इस पे रखो. फिर मैं तौल लेती."

मालनबाईंनी पुडीत बोटं घातली. चिमूट भरून वर आली. तन्वी त्यांच्या खांद्याशीच उभी होती. चिमूट कागदावर येऊन थांबली, मालनबाईंची नजर तिरकी होऊन सुनेकडे गेली, आणि बोटं पुडीवर परत जाऊन एकमेकांवर चोळली गेली. कागदावर पडले ते मोजके कण.

"एवढं," त्या म्हणाल्या.

"बस? सोच के बोलो, अम्मा. इत्ते में तो ये चार दिन नहीं निकालती थी."

"एवढंच."

सांगा ना खरं, कुणी रागावत नाही, असं तन्वीच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिला त्या रविवारीही म्हणता आलं असतं. ती तिथून निघाली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी गेली आणि टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. खाली रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी लागली होती. रसवाला ओल्या पोत्यावर पाणी मारत होता. एक ऑटो सावली शोधत मागे-पुढे होत होता.

मागे कागद वाजला.

"इत्ता?" डॉक्टर समीनांचा आवाज आला. "दिन में कित्ते दफे?"

"तीन."

वजनाच्या छोट्या यंत्राचा बारीक आवाज झाला.

"इत्ताच देना था, अम्मा," डॉक्टर समीना म्हणाल्या. "अब भी करीब इत्ताच देंगे."

तन्वीनं मान वळवली नाही. अजून एखादी चिमूट सांगायची राहिली असेल तर ती पडू दे, म्हणून ती तशीच उभी राहिली.